थकबाकी मोजणारा प्रोफेसर

व्यापारी बांधवांनो, उधारीची वही नसेल तर वसुली होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मागास जिल्ह्यांची सरकारकडे किती बाकी आहे, याची वही तयार करणारा माणूस म्हणजे प्रा. वि. म. दांडेकर. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी धंदा करणाऱ्या आम्हा कापडवाल्यांना हे नाव ठाऊक असायला हवे.

दांडेकरांचा जन्म १९२० चा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी उभी हयात घालवली आणि तिचे ते संचालकही झाले. १९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी देशातल्या गरिबीचा हिशेब मांडला. पोटापुरत्या अन्नासह जगण्यासाठी १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागत. तेवढीही ऐपत नसलेले खेड्यात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के लोक निघाले.

१९८३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ मध्ये अहवाल आला. रीत आपल्या धंद्यासारखीच सरळ होती. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचे आणि ती तूट भरायला लागणारा पैसा लिहायचा. हाच अनुशेष. साऱ्या राज्याचा तो ३,१८६ कोटी रुपये भरला. आपला गडचिरोली जिल्हा त्याआधी जेमतेम दोन वर्षे, १९८२ मध्ये, चंद्रपुरातून वेगळा झाला होता.

दांडेकर १९९५ मध्ये वारले. १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पण त्यांची रीत मागे उरली आहे.

या रीतीत एक खोच आहे. जिल्ह्याच्या सरासरीत तालुका झाकला जातो. पावसाळ्यात नाले भरले की गावांची वाट तुटते, गिऱ्हाईक येत नाही, माल गाठोड्यात पडून राहतो. हे नुकसान कोणत्याही सरासरीत दिसत नाही. म्हणून आपणच लिहून ठेवावे : कोणता रस्ता किती दिवस बंद, किती आठवडी बाजार बुडाले, भाडे किती वाढले. असा कागद जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवला, तर मागणीला वजन येते. तक्रार विसरली जाते, लिहिलेली बाकी मात्र मागता येते.