गायरान वाचवायचे, पण कोणापासून?

वस्तीत गायरान अतिक्रमणाची नोटीस आली की पहिला प्रश्न येतो, जमीन जाणार का? ती जमीन कायद्याने कशासाठी राखली आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पण नोटिशीचे उत्तर त्यातूनच निघते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गुरचरण, स्मशान, गावठाण अशा कामांसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. मालकी सरकारची, उपभोग गावाचा. कलम ५० ने अतिक्रमण काढता येते आणि लगेच पुढच्या कलम ५१ ने ते नियमितही करता येते. तहसील कार्यालयात बोलणे बहुधा ५० वरच थांबते, ही गोष्ट वेगळी.

शाश्वत विकासाच्या नावाने हल्ली ज्याचा सर्वाधिक आधार घेतला जातो, तो सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल. पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावात तळे बुजवून घरे बांधली होती. न्यायालयाने ती हटवायला सांगितले आणि गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याची योजना आखण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. तळी आणि कुरणे गेली की भूजल जाते आणि गरिबाची शेळी उपाशी राहते. म्हणून या निकालाच्या मूळ हेतूशी आमचे भांडण नाही.

मात्र त्याच निकालात एक अपवाद आहे. सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. अडचण 'पट्टा दिलेला असेल' या शब्दांत आहे. आपल्याकडे कसणारे हजारो, पट्टा हातात असलेले थोडे.

हे असे का झाले? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांनी पडीक सरकारी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. निर्णय निघाला, पण कित्येक गावांत पंचनामेच नीट झाले नाहीत. माणूस जमीन कसत राहिला, दंड भरत राहिला आणि कागदावर अतिक्रमणदारच राहिला.

वनजमिनीची गोष्ट निराळी. तिथे २००६ चा वनहक्क कायदा लागतो, १३ डिसेंबर २००५ ही तारीख लागते आणि दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. तो कायदा गायरानाला लागू नाही. कार्यकर्तेसुद्धा इथे गल्लत करतात आणि अर्ज भलत्याच दारात जातो.

आता सौर प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी भाड्याने दिल्या जात आहेत. वीज स्वच्छ आहे, हवीच आहे. पण तीस-पस्तीस वर्षे ज्वारी पिकवणारा भूमिहीन पर्यावरणाला धोका आणि कुंपण घालणारी कंपनी शाश्वत विकास, हा हिशेब आम्हाला पटत नाही. संविधानाचे अनुच्छेद ४८-अ पर्यावरण जपायला सांगते, तसे अनुच्छेद ३९(ब) भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे असे सांगते. दोन्ही एकाच भागातली मार्गदर्शक तत्त्वे आहेत. एक दाखवून दुसरे झाकता येत नाही.

तेव्हा नोटिशीची वाट पाहू नका. तलाठ्याकडून गाव नमुना १-ई ची, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीची, नक्कल आजच मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. १९९० पूर्वीच्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी, जुने पंचनामे, जे सापडेल ते एका फाईलमध्ये लावा. पावत्या बहुतेक घरांत आजीच्या ट्रंकेत असतात, आधी तिलाच विचारा. नोटीस आलीच, तर मुदतीत लेखी म्हणणे द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेले फाईलला लागत नाही.