लडाखची बेगमी

कडाक्याच्या थंडीत साधं डिझेल घट्ट होतं. त्यातलं मेण वेगळं होतं, फिल्टर तुंबतो आणि ट्रक आहे तिथेच बसतो. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल लडाखमध्ये आणलं. त्याची बातमी झाली खरी, पण लढाऊ विमान आल्यावर होतो तसा गाजावाजा झाला नाही. पुढच्याच वर्षी चिनी सैन्याशी झालेल्या गलवानच्या चकमकीनंतर हजारो जादा जवान ऐन हिवाळ्यात पूर्व लडाखमध्ये राहिले. त्यांना गरम कपडे, तंबू, शेगड्या, औषधं, डाळ-तांदूळ सगळं लागलं, आणि ते वर चढवायला डिझेल लागलंच.

कोकणात आगोटीला घर भरून ठेवतात, तशीच लष्कराची ही बेगमी. फक्त इथे पावसाऐवजी बर्फाची धास्ती. झोजिला आणि मनालीकडचे घाट उघडे असतात त्या काही महिन्यांत ट्रकांचे ताफे सतत वर जातात. हे काम मुख्यतः आर्मी सर्व्हिस कोअरचं. धान्य, इंधन, वाहतूक आणि खेचरंसुद्धा याच कोअरकडे. सुटे भाग आणि दारूगोळा ऑर्डनन्स कोअर पुरवतं, तर बिघडलेली गाडी किंवा तोफ दुरुस्त करायला ईएमई, म्हणजे 1943 साली स्थापन झालेलं यांत्रिकी कोअर.

रस्ता संपतो तिथून खेचर आणि हमाल. त्यांच्याही पलीकडे, सियाचीनच्या वरच्या चौक्यांवर, चीता हेलिकॉप्टर. तिथली हवा इतकी विरळ की ते एका फेरीत अगदी थोडकंच वजन नेऊ शकतं. 18 हजार फुटांवर पाणी साधारण 82 अंशांनाच उकळतं. प्रेशर कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. प्यायचं पाणीही बर्फ वितळवूनच मिळतं. त्यामुळे अशा चौकीत रॉकेलचा डबा गोळ्यांच्या पेटीइतकाच मोलाचा, आणि लंगरमधला स्वयंपाकी हा चौकी टिकवणारा माणूस.

या सगळ्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, ते 1962 च्या चीन युद्धात, आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या नामका चू नदीकाठी दिसलं. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडला चिनी सैन्यासमोर उभं करण्यात आलं, पण तिच्यापर्यंत जाणारा धड रस्ता नव्हता. विमानातून टाकलेली रसद दऱ्याखोऱ्यांत आणि जंगलात पडून बरीचशी वाया गेली. जवानांच्या अंगावर सुती गणवेश, खिशात मोजक्या गोळ्या. 20 ऑक्टोबरला हल्ला झाला आणि ब्रिगेड कोलमडली. शौर्य कमी पडलं, असं तिथे लढलेल्यांबद्दल कुणीही म्हणू नये. दळवी स्वतः युद्धकैदी झाले आणि पुढे त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिलं. त्यात पुरवठ्याच्या दुरवस्थेचा पाढाच आहे.

1971 ची गोष्ट वेगळी. पूर्व आघाडीवर रसद पुढे नेऊन ठेवायला, रस्ते-पूल नीट करायला काही महिने मिळाले. युद्ध डिसेंबरात पेटलं आणि तेरा दिवसांत ढाका पडलं. त्या तेरा दिवसांची कथा सगळे सांगतात, आधीच्या महिन्यांची फारसं कुणी सांगत नाही.

महाराष्ट्राला हे जग अनोळखी नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडचा डेपो आणि वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव. पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात मे 2016 अखेरीस मध्यरात्रीनंतर आग भडकली. जवान आणि अग्निशमन कर्मचारी ती विझवायला धावले, आणि स्फोटात त्यांच्यापैकी अनेक जण गेले. सीमेपासून इतक्या दूर, विदर्भात.

2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यावर मनालीकडून रोहतांगचा अडसर गेला. मात्र त्यापुढचा बारालाचा ला हिवाळ्यात बंदच होतो. झोजिला आणि शिंकुला बोगद्यांची कामं हाती घेतलेली आहेत. ते बोगदे सुरू होईपर्यंत उन्हाळ्यातले ताफे तसेच वर चढत राहतील.