निदान चुकले तर रुग्णाने न्याय कोठे मागावा?

शिरःशूल आणि कटिशूल या आपल्या दवाखान्यांतील नित्याच्या तक्रारी. सफाळे, केळवे, पालघर, बोईसर या पट्ट्यातील शेतकरी, मच्छीमार आणि तारापूरच्या कारखान्यांतील कामगार त्या घेऊन आम्हा वैद्यांकडे येतात व बहुतेक जण बरे होऊन जातात. मात्र एखाद्याच्या दुखण्यामागे धमनीविस्फार, म्हणजे ॲन्युरिझम, दडलेला असतो. तो वेळीच ओळखला गेला नाही आणि धमनी फुटली, तर रुग्ण दगावतो किंवा कायमचा पंगू होतो. मग कुटुंबीय विचारतात, दाद कोठे मागायची? हा प्रश्न आपल्या व्यवसायाच्या विरोधातला समजून आपण मौन पाळतो. आमच्या मते हे मौन रुग्णाच्या हिताचे नाही आणि आपल्याही नाही.

कायद्याची भूमिका प्रथम समजून घेऊ. निदान चुकले एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. सामान्य कौशल्याच्या वैद्याला त्या लक्षणांवरून शंका यावयास हवी होती काय, त्याने तपासणी सुचवली काय, रुग्णास पुढे पाठविले काय आणि तसे केले असते तर हानी टळली असती काय, हे पाहिले जाते. अचानक उठून क्षणार्धात पराकोटीला पोहोचणारा शिरःशूल, त्यासोबत वांती, मान ताठरणे, पापणी पडणे किंवा एकाची दोन दिसणे, ही लक्षणे मेंदूतील फुटलेल्या किंवा फुगत चाललेल्या धमनीची असू शकतात. अशा वेळी सीटी स्कॅन पहिल्या सहा तासांत सर्वाधिक विश्वसनीय ठरतो. पुढे त्याची खात्री कमी होत जाते. साठी उलटलेल्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषाची नव्याने उद्भवलेली पाठदुखी आणि पोटात ठोके देणारी गाठ असेल, तर अभ्यंग वा कटिबस्तीपूर्वी सोनोग्राफी हवी. सुश्रुतांनीही सिराज ग्रंथी मोठी, अचल व मर्मस्थानी असल्यास ती वर्ज्य सांगितली आहे. आपली मर्यादा ओळखणे हा शास्त्राचाच भाग आहे.

धमनीविस्फाराचा नसला तरी आपल्याला लागू पडणारा एक निवाडा मुंबईचा आहे. १९९२ साली एका होमिओपॅथी पदविकाधारकाने तापाच्या रुग्णास आवश्यक चाचण्या न करता प्रथम विषाणूजन्य ताप व नंतर विषमज्वर समजून ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण दगावला. त्याच्या पत्नीची तक्रार राष्ट्रीय आयोगाने फेटाळली. परंतु पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ३ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. अधिकार नसलेल्या पद्धतीची औषधे देणे हाच हलगर्जीपणा, असे न्यायालयाने मानले. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे त्याआधी, १९९५ सालीच ठरले होते. फौजदारी कारवाईसाठी मात्र घोर हलगर्जीपणा दिसावा लागतो, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निवाड्याने स्पष्ट केले.

पीडित कुटुंबाला आपण काय सांगावे? सर्वप्रथम कागद गोळा करावेत. चिठ्ठ्या, अहवाल, फिल्म, औषधांची बिले, सारे जपावे. ॲलोपॅथी डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या नियमावलीनुसार वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. विलंबाचे सबळ कारण असल्यास आयोग तो माफ करू शकतो. रुग्ण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. उपचारासाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्क नाही. सर्वांना विनामूल्य सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक जण गप्प बसतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये स्त्रिया, बालके, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्या भागातील वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांना हे ठाऊक असणे किती मोलाचे आहे! तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे किंवा १५१०० या दूरध्वनीवर विचारणा करावी. ग्राहक साहाय्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

आता आपल्याकडे वळू. प्रत्येक रुग्णाची लक्षणे, वेळ, नाडी, रक्तदाब आणि दिलेला सल्ला लिहून ठेवावा. रुग्णास पुढे पाठविताना तारीख व वेळ घालून चिठ्ठी द्यावी, तिची प्रत आपल्याजवळ ठेवावी. नातेवाइकांना धोका स्पष्ट सांगावा. शंखकासारख्या प्राणघातक शिरोरोगात आचार्यांनी प्रत्याख्यान करूनच उपचार सांगितले आहेत. औषधविक्रेत्यांनी आकस्मिक तीव्र डोकेदुखीवर वेदनाशामक गोळी देऊन रुग्णाला परत पाठवू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात जाण्यास सांगावे आणि प्रत्येक विक्रीचे बिल द्यावे.

सफाळ्याहून मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून इथे पहिली शंका घेणारा वैद्यच अनेकदा निर्णायक ठरतो. त्याने वेळेवर लिहिलेली चिठ्ठी रुग्णाचा जीव वाचवू शकते; जीव वाचला नाही, तर तीच चिठ्ठी कुटुंबाच्या न्यायाचा आणि प्रामाणिक वैद्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा होते. कुटुंबाने कागद मागितले, तर ते निःसंकोच द्यावेत, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे.