‘वयच झालं’ म्हणण्याआधी

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरसारख्या गावात माणसं आयुष्यभर शेतात राबतात. साठी-सत्तरीत शेती मुलांच्या हाती जाते आणि चालणं-फिरणं एकाएकी थांबतं. काहींचं मग कशातच मन लागत नाही, झोप उडते, जेवण कमी होतं, सांगितलेलं लक्षात राहत नाही. घरचे म्हणतात, ‘वयच झालं.’ पण हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

विसर का पडतो?
नैराश्यात लक्ष टिकत नाही, विचार मंदावतो. ऐकलेलं मनात नीट उतरतच नाही, मग आठवणार कसं? थायरॉईडचे विकार, बी-१२ची कमतरता आणि स्मृतिभ्रंशातही अशी लक्षणं दिसतात. म्हणून आधी तपासणी हवी.

अभ्यास काय सांगतात?
अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे आणि औषध घेणारे जवळपास सारखेच सुधारले होते. व्यायाम करणाऱ्यांपैकी काहींची स्मरणशक्ती आणि नियोजनक्षमताही अधिक सुधारल्याचं २००१ मध्ये दिसलं. २००८ च्या मोठ्या अभ्यासात मात्र बुद्धीला होणारा हा फायदा ठळक दिसला नाही. म्हणजे मनासाठी व्यायामाचा आधार भक्कम आहे. स्मरणशक्तीबाबत आशा आहे, हमी नाही.

किती आणि कसं चालावं?
जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. भरभर चालणं हा असाच व्यायाम. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग पुरे. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. उन्हाळ्यात धुळे जिल्ह्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून पहाटेच निघावं. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबून मदत घ्यावी.

घरच्यांनी काय करावं?
उदास माणसाला ‘चालायला जा’ म्हणून भागत नाही. त्याच्या सोबत निघावं लागतं. सुरू असलेली औषधं मनाने बंद करू नयेत. उदासी दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांकडे न्यावं. जगणं नको झाल्याचं बोलणं कधीही हलक्यात घेऊ नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोलावं. म्हाताऱ्या माणसाच्या उदासीलाही उपचाराचा हक्क आहे.