ठाण्याचं तिकीट

आमच्या शहापूर-मुरबाडकडे ‘ठाण्याला जाणं’ याचे दोन अर्थ होतात. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कोर्ट अशा कामांसाठी माणूस ठाण्याला जातो, तो पहिला. ‘याला आता ठाण्याला न्यायला हवं’ असं कुणी हसत म्हटलं, की तो दुसरा. 1901 साली सुरू झालेल्या तिथल्या मनोरुग्णालयाने जिल्ह्याच्या गावाचं नावच टोमणा करून टाकलं. पुण्याकडे हेच काम ‘येरवडा’ करतो.

या टोमण्याला सिनेमाही खतपाणी घालतो. आमचं भातसानगर ही धरणामुळे वसलेली वसाहत. इथे सिनेमा बघायचा तो बहुधा मोबाइलवर, आणि त्यात रहस्यपटांना मागणी मोठी. ते बघताना एक हिशेब हळूहळू लक्षात येतो. दोन तास संशय घरभर फिरवला, की शेवटी तो कुणाच्या तरी माथी मारावा लागतो. मग असा माणूस शोधला जातो, ज्याच्या बाजूने भांडायला कुणी येणार नाही. मनोरुग्ण, बाई आणि गरीब हे तिघे या कामी नेहमी हाताशी असतात.

1960 साली आलेल्या हिचकॉकच्या ‘सायको’ने पायंडा पाडला. रस्त्याकडेच्या मोटेलचा लाजाळू मालक, त्याच्या मनात घर करून बसलेली मेलेली आई, आणि शेवटी सगळं उलगडून सांगणारा मानसोपचारतज्ज्ञ. त्यानंतर ‘एका देहात दोन माणसं’ हे रहस्यपटांचं हुकमी उत्तर झालं. आपल्याकडे या गोंधळात भाषेनेही भर घातली. स्किझोफ्रेनियाला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात, त्यामुळे मनाचे दोन तुकडे झाले असावेत असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय येतो, तो माणसांतून उठतो. दोन व्यक्तिमत्त्वांचा आजार वेगळा. सिनेमाने दोन्ही एका पोत्यात भरले आणि वर सुरा ठेवला.

मग खरा मनोरुग्ण खुनी झालाच नाही का? झाला. साठीच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी फोडणारा रमन राघव ऑगस्ट 1968 मध्ये पकडला गेला. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. राघवने 41 खुनांची कबुली दिली. फाशीची शिक्षा झाली, पण मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून त्याला जुनाट, बरा न होणारा स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगितलं आणि 1987 मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. 1995 मध्ये तो पुण्यात ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. त्याच्यावर श्रीराम राघवन यांनी 1991 मध्ये माहितीपटाच्या अंगाने फिल्म केली, रघुवीर यादव यांना घेऊन. 2016 मध्ये अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव 2.0’ आला. खुन्याचं नाव अशा रीतीने पन्नास वर्षं टिकलं. ज्यांची डोकी फुटली त्यांतल्या एकाचं तरी नाव आपल्याला आठवतं का? ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, त्यांच्या वाट्याला कथेतही जागा आली नाही.

आता दुसरं प्रकरण. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात दहा माणसं मारली गेली, त्यांतली आठ जोशी आणि अभ्यंकर यांच्या घरांत शिरून. मारेकरी व्यावसायिक कला शिकणारे तरुण होते. जक्कल, सुतार, जगताप आणि शाह हे चौघे 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. म्हणजे कायद्याच्या लेखी चौघेही पुरते शुद्धीवर होते. या प्रकरणावर ‘माफीचा साक्षीदार’ निघाला, त्यात नाना पाटेकर होते. संध्याकाळी सातनंतर दाराला कडी घालायला पुण्याला शिकवलं ते कॉलेजच्या पोरांनी. तरी आपण घाबरतो ते स्टँडवर स्वतःशी बोलत बसलेल्या माणसाला. खरं तर आजारी माणूस दुसऱ्याला मारतो त्यापेक्षा स्वतः मार खातो, हेच जास्त घडतं.

बाईची तऱ्हा आणखी वेगळी. ‘भूलभुलैया’ (2007) हा 1993 च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटावरून घेतलेला. त्यात नायिका अवनीला दागिने घ्यायला बाहेर जायचं असतं आणि नवरा नको म्हणतो. तेवढ्यावरून तिच्या मनात घर केलेली मेलेली नर्तकी मंजुलिका उसळते आणि ती पलंग उचलते. प्रेक्षक दचकतो तो पलंगाला. तिचं मागणं किती साधं होतं, हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. आमच्याकडच्या गावांत अंगात येणाऱ्या बाया पुष्कळ. एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारी सून अंगात आल्यावर त्याला अरेतुरे करते आणि सगळं घर हात जोडून ऐकतं. तिथे देवी बोलते की साचलेलं मन बोलतं, हे सिनेमाला विचारता आलं असतं. 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये वसंत जोगळेकरांनी आशा काळे यांना घेऊन भुताची भीती आणि मनाचा आजार यांचा पेच मांडला होता. पण पुढच्या बहुतेकांनी त्यातली किंकाळी तेवढी उचलली.

गरिबीची गोष्ट सांगायला आमच्या शेजारचंच गाव आहे. 2015 च्या ‘बदलापूर’मधला रघू सुस्थितीतला, चांगल्या नोकरीतला. बँक लुटून पळणाऱ्यांच्या हातून त्याची बायको आणि मुलगा मरतात, आणि तो बदलापूरला येऊन सुडाची वाट बघत राहतो. सूड उगवताना तो आधी त्या लुटारूंतल्या लायकच्या मैत्रिणीवर, झिमलीवर, जबरदस्ती करतो. पुढे लायकच्या साथीदाराला आणि त्याच्या निरपराध बायकोलाही मारतो. ते खून लायक स्वतःच्या अंगावर घेतो. दोघांचा हिशेब असा मिटतो, पण त्यात झिमलीचं नाव कुठेच नाही. रघूचं डोकं फिरलंय असं कुणी म्हणत नाही. त्याचं ते दुःख. हेच एखाद्या वीटभट्टीवरच्या कातकऱ्याने केलं असतं, तर दिग्दर्शकाला त्याच्या मागे कारणही द्यावं लागलं नसतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण पडद्यावर पहिला संशय अजून नोकरावर आणि पाड्यावरच्या माणसावरच येतो.

वेगळी वाट मराठीत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (2004) अतुल कुलकर्णींचा शेष स्किझोफ्रेनियाशी झुंजतो. घरात हे दुखणं आलं की बहिणीचा संसार कसा ओढला जातो, औषध कसं चिकाटीने चालू ठेवावं लागतं, हे त्यात दिसतं. खून नाही, तरी जीव मुठीत धरून बघावा लागतो. कारण शेषचं पुढे काय होणार, हेच तिथलं रहस्य आहे.

हे सगळं निव्वळ करमणुकीपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या सुमारे साडेदहा प्रौढांना मानसिक विकार आढळला, आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. उपचार लांब आहेत हे एक कारण, आणि लाज हे दुसरं. भगताकडे दिवसाउजेडी जाता येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर ‘मामाकडे चाललोय’ असं सांगावं लागतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केला. 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. पण फोन हातात घेताना मनात ‘आपण त्या सिनेमातले तर नाही?’ अशी धास्ती असेल, तर बोट क्रमांकापर्यंत जात नाही.

आसनगाव स्टेशनच्या खिडकीवर ठाण्याचं तिकीट मागितलं, की एकच मिळतं. कलेक्टर कचेरीचं निराळं आणि मनोरुग्णालयाचं निराळं, असं तिथे नसतं. दर बदलतो तो डब्यात बसल्यावर, समोरच्याने ‘ठाण्याला कशाला?’ असं विचारल्यावर.