दुखणं ज्याचं, बटण त्याचं!

मुलांनो, खेळताना गुडघा फुटला की आई फुंकर घालते आणि आपण पुन्हा मैदानात पळतो. पण पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, तर ते दुखणं फुंकरीनं थांबेल का?

माझ्या ताईचं असंच ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या भाचीला घेऊन मी दवाखान्यात गेले. ताईच्या हाताला सलाईनची नळी, खाटेशेजारी एक छोटं यंत्र आणि मुठीत एक बटण! बोलता बोलता ताईला झोप लागली. झोपेतच ती कण्हली. भाचीला राहवेना. तिनं हळूच बटणाकडे हात नेला, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांब बाळ! ते बटण फक्त आईनंच दाबायचं."

भाची हिरमुसली. आईचं दुखणं कमी करायचं, यात काय चुकलं?

आधी ते यंत्र कसं चालतं ते पाहू. तो असतो वेदनाशामक औषधाचा पंप. त्यात बहुतेक वेळा मॉर्फिन भरतात. अफूच्या बोंडातल्या चिकापासून मिळणारं हे जालीम औषध. रुग्णानं बटण दाबलं की पंप नळीतून शिरेत अगदी थोडं औषध सोडतो. मोठ्या माणसाला साधारण एक मिलिग्रॅम. मग पंपाला कुलूप लागतं! पाच ते दहा मिनिटं कितीही वेळा बटण दाबा, थेंबही येत नाही. किती औषध आणि किती वेळ कुलूप, हे डॉक्टर आधीच ठरवून ठेवतात.

पूर्वी रुग्णानं सिस्टरना बोलवायचं, त्यांनी इंजेक्शन आणायचं, टोचायचं, मग आराम पडेपर्यंत वाट पाहायची. तोवर जीव नुसता कासावीस! दुखणं किती आहे, हे रुग्णाइतकं कोणाला ठाऊक? मग औषध त्याच्याच हाती का देऊ नये? अमेरिकेतले डॉक्टर फिलिप सेक्झर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस यावर प्रयोग केले. १९७६ साली वेल्समधल्या कार्डिफ इथं तयार झालेला असा पंप बाजारात आला.

आता भाचीचा प्रश्न. मॉर्फिन जास्त झालं की आधी गुंगी येते, मग श्वास मंदावतो. श्वास फारच मंदावला तर जिवावर बेतू शकतं. पण गुंगी आलेला माणूस बटण दाबतच नाही! म्हणजे औषध आपोआप थांबतं. हे पंपाचं दुसरं कुलूप, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. झोपलेल्या माणसासाठी दुसऱ्यानं मायेपोटी बटण दाबलं, तर हे कुलूप मोडतं बरं का!

म्हणूनच सिस्टर मधूनमधून येऊन रुग्णाचा श्वास आणि गुंगी तपासतात. 'दुखलं की दाबायचं' हे ज्याला समजतं, अशा सहा-सात वर्षांच्या मुलालाही हा पंप देतात. पण पालकहो, तिथंही नियम तोच. बटण मुलाचंच! आणि रुग्ण हाका मारूनही नीट जागा होत नसेल, तर लगेच सिस्टरना बोलवा.

थोड्या वेळानं ताई जागी झाली. भाचीनं विचारलं, "आई, दुखतंय का गं? मग तूच दाब हं!"

ताईनं बटण दाबलं. भाचीनं तिचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. त्याला मात्र कुठलंच कुलूप नव्हतं!