मेडिकल स्कूलची यादी : अर्ज कुठे करायचा आणि कुठे नाही



आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभे राहिले की गेली दोन वर्षे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "अहो, तुमच्या भाचीला मेडिकलला मिळालं ना? किती ठिकाणी अर्ज केले होते? ती यादी आम्हाला पाठवाल का?"

यादी पाठवायला माझी काहीच हरकत नाही, पण तिचा उपयोग होणार नाही, कारण ती फक्त तिच्यासाठी बनवली होती. यादी कशी बनवायची हे मात्र सांगता येईल, म्हणून हा लेख. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टरकीशी माझा संबंध क्रोसिनपुरता. पण एक्सेल शीट घरात मलाच येते, त्यामुळे हे काम ताईने माझ्या गळ्यात घातले.

आमची चूक

भाची न्यू जर्सीत वाढली. जीपीए ३.७८, एमकॅट ५१२. वाईट म्हणता येणार नाहीत असे आकडे. २०२३ साली तिने पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा भावोजींनी आणि मी एका संध्याकाळी बसून यादी केली. पद्धत सोपी होती. नावाजलेली २० स्कूल्स वरून उतरत्या क्रमाने घ्यायची आणि खाली "सेफ्टी" म्हणून ज्यांची नावे आम्ही फारशी ऐकली नव्हती अशी दुसऱ्या राज्यांतली ४ सरकारी स्कूल्स टाकायची. अर्ज गेला ऑगस्टच्या शेवटी. २४ अर्जांतून एक इंटरव्ह्यू आला, एक वेटिंग लिस्ट मिळाली आणि प्रवेश शून्य. फॉर्मच्या फीमध्ये तीन हजार डॉलरच्या वर गेले ते वेगळेच.

पैशांचे एक वेळ ठीक आहे. पण त्या मार्च महिन्यात ती मला म्हणाली, "मामा, मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही का?" तेव्हा लक्षात आले की यादीतली चूक आमची होती आणि ती तिने स्वतःच्या अंगावर घेतली होती.

डोक्यातली मेरिट लिस्ट काढून टाका

आपण बारावीच्या मार्कांवर आणि सीईटीवर वाढलेली माणसे. आपल्या डोक्यात एक कट-ऑफ असतो. अमुक मार्कांना अमुक कॉलेज, त्याच्या खाली तमुक. वरच्याला मिळाले नाही तर खालचे आपोआप मिळते.

इथे तसे नाही. अमेरिकेत एमडी देणारी दीडशेहून अधिक स्कूल्स आहेत. वर्षाला सुमारे ५२ हजार विद्यार्थी अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो. म्हणजे निम्म्याहून जास्त मुले त्या वर्षी रिकाम्या हाताने परत येतात आणि त्यांत चांगले आकडे असलेलीही पुष्कळ असतात. प्रत्येक स्कूल आपापला विद्यार्थी निवडते. म्हणून "सेफ्टी" हा शब्दच इथे विसरलेला बरा. आम्ही ज्यांना सेफ्टी समजलो ती चार सरकारी स्कूल्स आमच्यासाठी सर्वांत कठीण होती. का ते पुढे येईलच.

आणि क्रमवारीचे म्हणाल, तर हार्वर्डच्या मेडिकल स्कूलने जानेवारी २०२३ मध्ये यूएस न्यूजच्या क्रमवारीतून अंग काढून घेतले, मागोमाग इतरही बाहेर पडली. २०२४ पासून यूएस न्यूजनेच मेडिकल स्कूल्सना एक, दोन, तीन असे क्रमांक देणे सोडून गट करायला सुरुवात केली.

पायरी पहिली : व्हिसा

हे सर्वांत आधी, कारण आपल्या समाजात अनेक घरांना हे लागू आहे. मूल इथे पहिलीपासून शिकलेले असते, बोलते-चालते इथल्यासारखे, पण ग्रीन कार्डची रांग संपलेली नसते. एच-४ वर असलेले मूल २१ वर्षांचे झाले की बहुधा एफ-१ घ्यावे लागते. मेडिकल स्कूलच्या लेखी ते मूल "इंटरनॅशनल" ठरते.

बहुतेक सरकारी स्कूल्स फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांचेच अर्ज घेतात. उरलेल्यांपैकी काही ठिकाणी एक किंवा अधिक वर्षांची फी आधीच एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्जही मिळत नाही. तेव्हा तुमच्या घरी ही स्थिती असेल तर यादी इथूनच सुरू करा. आधी फक्त इंटरनॅशनल अर्ज घेणारी स्कूल्स वेगळी काढा, मग पुढचे बोला. आणि ही गोष्ट मुलाला कॉलेजच्या पहिल्या वर्षीच सांगा, चौथ्या वर्षी नको.

पायरी दुसरी : डोमिसाईल

हा शब्द आपल्याला चांगला माहीत आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या आणि ८५ टक्के राज्याच्या. इथेही सरकारी स्कूल राज्याच्या करातून चालते, त्यामुळे राज्यातली मुले आधी. फक्त प्रमाण प्रत्येक राज्याचे वेगळे.

टेक्सासमध्ये सरकारी स्कूल्सना बाहेरच्या राज्यांतली मुले १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, तसा कायदाच आहे. मिसिसिपी विद्यापीठाचे मेडिकल स्कूल फक्त मिसिसिपीचे रहिवासी घेते. वॉशिंग्टन विद्यापीठ वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो या पाच राज्यांसाठी काम करते. उलट व्हरमाँटचे सरकारी स्कूल बाहेरची मुले मोठ्या संख्येने घेते. आणि खाजगी म्हणजे सर्वांना खुले असेही नाही. जॉर्जियातले मर्सर विद्यापीठ खाजगी आहे, पण त्याचे मेडिकल स्कूल फक्त जॉर्जियाचे रहिवासी घेते.

म्हणून पहिला नियम असा : आपल्या राज्यातली सगळी स्कूल्स यादीत घ्या. आमच्या २०२३ च्या यादीत न्यू जर्सीतले एकच नाव होते! "घराजवळचे काय, तिथे कधीही मिळेल," असे आम्हाला वाटले होते. कॅलिफोर्नियातल्या मंडळींना मात्र हा नियम पुरत नाही. तिथे जागांच्या मानाने अर्जदार इतके आहेत की अनेक मुलांना राज्याबाहेर जावे लागते. त्यांनी बाहेरची खाजगी स्कूल्स जास्त ठेवावीत.

पायरी तिसरी : आकडे नीट वाचणे

एएएमसी या संस्थेची एमसार नावाची ऑनलाइन माहितीपुस्तिका आहे. वर्षाची थोडी वर्गणी भरावी लागते, पण एका अर्जाच्या फीपेक्षाही ती कमी पडते. त्यात प्रत्येक स्कूलचे दोन प्रकारचे आकडे पाहा.

एक, प्रवेश मिळालेल्यांचे जीपीए आणि एमकॅट. इथे नुसता मध्य पाहू नका, १० व्या पर्सेंटाइलपासून ९० व्यापर्यंतचा पट्टा पाहा. एमकॅट ४७२ ते ५२८ च्या दरम्यान मोजला जातो आणि एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. काही स्कूल्सचा मध्यच ५२० च्या वर आहे. ५१२ वाल्या मुलीने अशी दोन नावे हौसेने ठेवावीत, आमच्यासारखी वीस नाही.

दोन, राज्याबाहेरून किती अर्ज आले, त्यांतल्या कितींना इंटरव्ह्यूला बोलावले आणि किती दाखल झाले. समजा एखाद्या स्कूलला बाहेरून ४,००० अर्ज आले आणि त्यांतले १० दाखल झाले. मग तिथला मध्य ५०८ असला तरी काय उपयोग? ते ५०८ राज्यातल्या मुलांचे. आमच्या "सेफ्टी" स्कूल्सचे नेमके हेच झाले होते. मी शीटमध्ये हे प्रमाण काढणारा एक कॉलम घातला आणि जुनी यादी त्यातून चालवली. चारही नावे लाल झाली.

शिवाय मोठ्या शहरांतली काही खाजगी स्कूल्स सगळ्यांच्याच यादीत असतात. जॉर्जटाउन, जॉर्ज वॉशिंग्टन अशा ठिकाणी दहा हजारांहून जास्त अर्ज जातात. अर्ज जरूर करा, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

पायरी चौथी : स्कूलला कोण हवे आहे?

प्रत्येक स्कूलचे एक मिशन असते. आपण ते वाचत नाही, कारण आपल्याला ते कंपनीच्या भिंतीवरच्या सुविचारासारखे वाटते. इथे ते खरे असते. यूसी रिव्हरसाइडला इनलंड सदर्न कॅलिफोर्नियात काम करणारे डॉक्टर हवे आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ कॅम्पसला ग्रामीण भागात आणि मूळ अमेरिकन समाजात जाणारे. क्लीव्हलंड क्लिनिकच्या लर्नर कॉलेजचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, संशोधन करणाऱ्या डॉक्टरांसाठी.

भाचीने लॅबमध्ये जेमतेम एक उन्हाळा काढला होता. पण एका मोफत दवाखान्यात तिने तीन वर्षे शनिवार घालवले होते. तिथे येणाऱ्या आजी-आजोबांशी मराठी-हिंदीत बोलून त्यांचे म्हणणे डॉक्टरांना सांगायची. आणि आम्ही तिला पाठवले कुठे, तर संशोधनासाठी नावाजलेल्या २० ठिकाणी! दुसऱ्या वेळी तिने स्वतः प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहिले : "मी इथे का?" ज्यापुढे वाक्य सुचले नाही ते नाव काढले.

पायरी पाचवी : डीओ म्हणजे कमी नव्हे

आपल्या घरांतून सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर होतात. "डीओ म्हणजे खरा डॉक्टर का? लोक काय म्हणतील?" ऑस्टिओपॅथीचे पहिले कॉलेज १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल येथे निघाले. आज डीओला अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत औषध देण्याचा आणि शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण अधिकार आहे. २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आली. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३ टक्के आणि डीओंपैकी सुमारे ९२ टक्के यांना जागा मिळाली. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांचे हेच प्रमाण सुमारे ६७ टक्के होते. म्हणून घाईने कॅरिबियनचा फॉर्म भरण्याआधी डीओचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही स्पर्धेच्या शाखांत एमडीला अजून झुकते माप मिळते, आणि डीओ विद्यार्थी कॉमलेक्सबरोबर बहुधा यूएसएमएलईही देतात, हेही खरे. ते माहीत असू द्या. निर्णय मुलांना घेऊ द्या.

पायरी सहावी : पैसा आणि वेळ

एमडीचे अर्ज ॲमकॅसमधून, डीओचे ॲकोमासमधून आणि टेक्सासचे बहुतेक टीएमडीएसएएसमधून जातात. ॲमकॅसला पहिल्या स्कूलसाठी साधारण १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी पंचेचाळीसच्या आसपास लागतात. मग प्रत्येक स्कूलचा दुसरा फॉर्म येतो, त्याची फी बहुधा ७५ ते १५० डॉलर, आणि निबंध वेगळे. अर्जदार सरासरी १८ च्या आसपास स्कूल्सना अर्ज करतात. त्याहून जास्त करायला हरकत नाही, पण निबंध चांगले लिहून होतील तितकेच करा. उत्पन्न कमी असेल तर एएएमसीची फी सवलत आहे, ती अर्ज पाठवण्याआधी मिळवावी लागते.

अर्ज पाठवता येतो मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीपासून. बरीच स्कूल्स जसजसे अर्ज येतील तसतसे इंटरव्ह्यू देत जातात. ऑगस्टअखेरचा अर्ज म्हणजे पंगत उठताना जेवायला जाणे.

शिवाय यादी करतानाच चार वर्षांचा खर्च मांडा. अनेक खाजगी ठिकाणी राहण्याजेवणासह तो ४ लाख डॉलरच्या आसपास जातो. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद होते आणि मेडिकलसाठी केंद्राचे कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलर एवढ्यावर थांबते. वरचे पैसे कुठून येणार हे आधी ठरवा. दुसऱ्या बाजूने, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रॉसमन स्कूलने २०१८ पासून आणि अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेजने २०२४ मध्ये शिकवणी फी माफ केली. पण तिथे गर्दी किती असते ते सांगायला नको.

पुढे काय झाले?

दुसऱ्या वेळी, जून २०२४ मध्ये, पहिल्याच आठवड्यात अर्ज गेला. यादीत २१ नावे होती : न्यू जर्सीतली सगळी, मिशन जुळणारी आणि बाहेरची मुले घेणारी खाजगी एमडी स्कूल्स, पाच डीओ आणि हौसेची दोन. एमकॅट तोच, जीपीए तोच. पाच इंटरव्ह्यू आले आणि दोन प्रवेश मिळाले, एक एमडी आणि एक डीओ. मधल्या वर्षी तिने एका डॉक्टरकडे स्क्राइबचे काम केले होते, त्याचाही उपयोग झाला असणार. सगळे श्रेय माझ्या एक्सेल शीटला देणे बरोबर नाही. पण पहिल्याच वर्षी नीट यादी केली असती तर ते वर्ष आणि तो मार्च महिना तिला वेगळा गेला असता, असे मला अजून वाटते.

तेव्हा मंडळी, दुसऱ्याची यादी मागू नका. मुलाला शेजारी बसवा, कोरी शीट उघडा आणि पहिला कॉलम त्यालाच भरू द्या. आपण फक्त चहा करायचा आणि विचारले तरच बोलायचे. हे शेवटचे मलाही अजून नीट जमलेले नाही!

यंदा अर्ज करणाऱ्या सर्व मुला-मुलींना मनापासून शुभेच्छा.